विक्रांत रंकाळ्यात का उलटली?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि शिवाजी उद्यमनगरात गेली बावीस वर्षे टर्नर म्हणून काम करतो. जहाजांचा नाद लहानपणापासूनचा. दीड वर्ष खपून मी जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेची १:२०० प्रमाणातली, १०७ सेंमी लांबीची, रेडिओवर चालणारी प्रतिकृती घरी तयार केली. रेडिओ, मोटारी आणि बॅटरी सोडल्यास एकही भाग विकत घेतला नाही. आराखडा मिळाला नाही, म्हणून छायाचित्रे पाहून तळाचा आकार काढला. वरचा डेक २ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, मनोरा व तोफा लेथवर काढलेल्या पितळेच्या. एकूण वजन ४ किलो ६०० ग्रॅम भरले. एका रविवारी सकाळी ती रंकाळा तलावात सोडली. सरळ नीट गेली, पण पहिल्याच वळणाला आडवी होऊन उलटली. काठावरची पोरे ‘बुडाली की ओ!’ म्हणून ओरडली ती अजून कानांत आहेत. पैसे अक्षरशः पाण्यात घातले, असे पत्नीचे म्हणणे. आता हीच बोट दुरुस्त करावी, तयार संच मागवावा, की नाद सोडावा?

उत्तर : सप्रेम नमस्कार. नाद सोडू नये आणि तयार संचही मागवू नये. ज्याचा हात बावीस वर्षे लेथवर बसला आहे, त्याने दुसऱ्याने कापून दिलेले तुकडे चिकटवण्यात समाधान मिळण्यासारखे काही नाही. तिसरा पर्याय, म्हणजे याच बोटीची दुरुस्ती, मात्र आपण समजता तितका सोपा नाही, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रातल्या दोन आकड्यांत आहे : १:२०० आणि ४ किलो ६०० ग्रॅम.

मूळ विक्रांत १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झाली आणि १९९७ साली निवृत्त झाली. तिची लांबी सुमारे २१३ मीटर होती आणि पूर्ण भारासह वजन सुमारे १९,५०० टन. लांबी २०० ने भागली की १०७ सेंमी येते, हे आपण बरोबर केले. पण बोट केवळ लांबीने लहान होत नाही; रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात घटतात, म्हणून वजन २०० ने नव्हे, तर २०० गुणिले २०० गुणिले २००, म्हणजे ८० लाखांनी भागावे लागते. १९,५०० टनांचे किलो करून हा भागाकार केला, की उत्तर येते सुमारे २ किलो ४४० ग्रॅम. एवढ्याच वजनाला आपली प्रतिकृती मूळ नौकेसारखी, योग्य रेषेपर्यंत पाण्यात बसली असती. आपण तिच्यावर जवळजवळ दुप्पट ओझे घातले. ती तरीही तरंगली आणि सरळ चाललीही, याचे श्रेय आपल्या जोडकामाला आहे.

पण निव्वळ जास्त वजनाने बोट खोल बसते, उलटत नाही. उलटते ती वजन चुकीच्या जागी असल्यामुळे. आपला डेक साधारण १०० सेंमी लांब आणि सरासरी १५ सेंमी रुंद धरला, तर २ मिमी पत्र्याचे घनफळ ३०० घन सेंमी होते आणि ॲल्युमिनियमच्या हिशेबाने वजन ८०० ग्रॅमच्या थोडे वर जाते. म्हणजे अख्ख्या बोटीला जितके वजन परवडत होते, त्याचा तिसरा हिस्सा एकट्या डेकने खाल्ला, आणि तोही पाण्याच्या वर, सर्वांत उंच जागी. त्यावर पितळेचा मनोरा, त्यावर पितळेच्या तोफा. गळिताच्या हंगामात उसाने वरपर्यंत रचलेली ट्रॉली सरळ रस्त्यावर डुलत डुलत का होईना, पण जाते, आणि वळणावर मात्र कलंडते, हे आपण दरवर्षी पाहतो. रंकाळ्यात नेमके तेच घडले. अशी बोट वळताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकते. गुरुत्वमध्य खाली असेल, तर पाण्याचा दाब तिला परत उभी करतो; तो फार वर गेला, तर तोच दाब तिला आणखी ढकलतो, आणि मग सुकाणू सरळ करून काही उपयोग नसतो.

स्पष्ट लिहितो, राग मानू नये : आपले कौशल्यच येथे आपल्याला नडले आहे. ज्याला पितळ कापता येते, त्याला प्रत्येक गोष्ट पितळेची करावीशी वाटते. बोटीच्या छंदात मात्र धातूला जागा पाण्याच्या रेषेखाली. रेषेच्या वर जे जे दिसते ते कागद, पुठ्ठा, पातळ प्लायवुड आणि बांबूची काडी यांचे असावे. जाड कार्डशीटचा मनोरा पातळ फेविक्विक पाजून कडक केला आणि घासून रंगवला, की चार फुटांवरून तो पुठ्ठ्याचा आहे हे कोणीही ओळखत नाही.

तेव्हा विक्रांतचा डेक काढून ०.८ मिमी प्लायवुडचा केला, तर तो ८०–९० ग्रॅमांत बसेल. तोफा आणि मनोरा हलके केले तर आणखी वजन उतरेल. तरीही छायाचित्रांवरून अंदाजाने केलेला तळ आणि इतर सामान पाहता साडेतीन किलोच्या फार खाली आपण येणार नाही. शिवाय या प्रमाणात ती पाण्यात जेमतेम साडेतीन-पावणेचार सेंमी खोल असायला हवी, आणि एवढ्या जागेत दोन इवलेसे पंखे, म्हणजे पाणी मागे लोटून बोट पुढे नेणारे प्रोपेलर, बसवून रंकाळ्याच्या वाऱ्यात तिला वळवणे, हे दहा बोटी केलेल्यालाही घाम फोडणारे काम आहे. माझे मत असे, की डेक बदलून, रंग नीट करून ती बैठकीत काचेच्या पेटीत ठेवावी. ती वाया गेलेली नाही. पाण्यात सोडण्यासाठी मात्र दुसरी बोट बांधावी, आणि ती युद्धनौका नसावी.

कोणती, याचे उत्तर कोल्हापूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर आंबा घाटाखाली उभे आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या बंदरात दिसणारा मासेमारी ट्रॉलर हा नवशिक्यासाठी मला सर्वांत योग्य नमुना वाटतो : रुंद, पोटाने भरलेला, हळू चालणारा, एकच मोठा पंखा असलेला आणि थोडी ओबडधोबड कारागिरीही शोभून दिसेल असा. पण खरे कारण वेगळे आहे. आपल्याला विक्रांतचा आराखडा मिळाला नाही, ही आपली मूळ अडचण होती. ट्रॉलरचा आराखडा आपण स्वतः काढू शकता, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या काळात कित्येक नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. जो भाग एरवी पाण्याखाली असतो आणि कोणत्याही छायाचित्रात येत नाही, तो संपूर्ण तळ त्या वेळी डोळ्यांसमोर उघडा असतो. आपले अर्धे दुःख त्या न दिसलेल्या भागाचेच होते.

मोजमाप कसे घ्यावे, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण एकदा हे साधले की पुढची बोट मनाजोगी होते. आधी मालकाची किंवा तांडेलाची, म्हणजे नौकेवरच्या मुख्य खलाशाची, परवानगी घ्यावी आणि आपण काय करणार आहोत ते सांगावे. मग बहुधा मोजायला दोन माणसे आपण होऊन पुढे येतात. पाठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यावर, नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागपर्यंत दर मीटरला खडूची खूण करावी. नाळेजवळ आणि मागच्या टोकाजवळ आकार झपाट्याने बदलतो, म्हणून तेथे दर अर्ध्या मीटरला. प्रत्येक खुणेच्या वर काठावरून ओळंबा सोडावा. दोरी स्थिर झाली, की जमिनीपासून दर २५ सेंमी उंचीवर दोरीपासून बोटीच्या अंगापर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजून लिहावे. एकच बाजू मोजली तरी पुरते, दुसरी तिचीच आरशातली प्रतिमा. १:२० प्रमाण धरले, तर मोजताना झालेली १ सेंमीची चूक प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरची होते, तेव्हा आपल्या धंद्यातली शंभरावा हिस्सा मिलिमीटरची सवय तेवढ्यापुरती उद्यमनगरातच ठेवून जावी. शेवाळ आणि कालवांचा पट्टा जेथे संपतो, तेथे पाण्याची रेषा असते, तीही मोजावी. सुकाणूची लांबी-रुंदी, पंख्याचा व्यास आणि पात्यांची संख्या टिपावी. वहीत पेनाने नव्हे, पेन्सिलीने लिहावे. त्या पावसात शाई टिकत नाही, हे मी माझी एक आख्खी फेरी फुकट घालवून शिकलो आहे.

समजा, आपल्याला मिळालेली नौका १४ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि पाण्यात दीड मीटर बसणारी आहे. १:२० ने ती ७० सेंमी लांब, साडेबावीस सेंमी रुंद आणि साडेसात सेंमी खोल होईल. या तीन आकड्यांचा गुणाकार करून त्याला ०.४५ ने गुणावे, कारण गोलाई आणि निमुळतेपणामुळे अशा आकाराचा तळ त्या चौकोनी खोक्याचा साधारण एवढाच भाग भरतो. उत्तर सुमारे ५,३०० घन सेंमी येते, आणि एक घन सेंमी पाण्याचे वजन एक ग्रॅम, म्हणून आपल्याला ५ किलो ३०० ग्रॅम वजन खर्च करायची मुभा आहे. हा आकडा कामाच्या जागी भिंतीवर लिहून ठेवावा आणि बोटीत जाणारा प्रत्येक भाग आधी काट्यावर ठेवावा.

कागदावर उतरवलेल्या छेदांवरून ४ मिमी मरीन प्लायच्या फासळ्या कापाव्यात. येथे बहुतेक नवशिके एक चूक करतात : मोजमाप बोटीच्या बाहेरच्या अंगाचे असते, आणि फासळी मात्र तिच्यावर चिकटवायच्या लाकडी पट्ट्यांच्या आत बसते. पट्टी ३ मिमीची असेल, तर फासळीच्या कडेवरून सर्वत्र ३ मिमी वजा करायला हवेत. नाहीतर बोट दोन्ही बाजूंनी मिळून ६ मिमी फुगते. फासळ्या सरळ फळीवर उलट्या उभ्या कराव्यात आणि वखारीतून चिरून आणलेल्या शिवणीच्या ३ मिमी जाड, ८ मिमी रुंद पट्ट्या चिकटवाव्यात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे अशा आळीपाळीने. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावल्या, तर सांगाडा केळ्यासारखा वाकतो आणि मग ती बोट आयुष्यभर एकाच बाजूला वळते. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद पाण्यात फुगतो, म्हणून जलरोधक प्रतीचाच घ्यावा. सागवान वापरण्याचा मोह टाळावा. ते जड असते आणि त्याच्या तेलामुळे त्यावर रेझिन नीट धरत नाही.

तळाला आतून-बाहेरून पातळ फायबरचे कापड आणि इपॉक्सी रेझिन चढवावे. रेझिन आणि हार्डनरचे डब्यावर लिहिलेले प्रमाण वजनकाट्यावर मोजूनच घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला, तर थर कायमचा मऊ राहतो. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, वाळवून, पॉलिश पेपरने घासल्यावरच पुढचा थर द्यावा. हे काम शक्य झाल्यास दिवाळीनंतरच करावे, आणि घरात तर मुळीच करू नये. वास आणि घासताना उडणारी काचेची भुकटी यांबद्दल पत्नी तक्रार करीत असतील, तर त्यांचे बरोबर आहे. गच्चीवर बसावे, तोंडाला चांगला मास्क बांधावा.

आता आपल्या हातच्या कामाकडे येऊ. पंख्याचा दांडा, त्याची नळी, बुश आणि पंखा हे चार भाग बाजारात मिळतात त्यापेक्षा सरस आपण स्वतः काढाल. ४ मिमी स्टेनलेसचा दांडा, पितळेची नळी, दोन्ही टोकांना गनमेटलचे बुश, आणि नळीत भरलेले ग्रीस : पाणी आत येऊ नये यासाठी एवढे पुरते. मूळ पंखा मीटरभर व्यासाचा असेल, तर आपला ५ सेंमीचा. लेथवर काढलेल्या तुंब्याला तिरप्या खाचा पाडून पितळी पाती बसवावीत आणि चांदीचा डाख लावावा. हे शेवटचे काम हुपरीच्या किंवा गुजरीतल्या एखाद्या कारागिराकडून करून घेतले, तर जोड नखालाही लागणार नाही. मोटर बसवताना आधी दांडा आणि मोटारीचा दांडा एकाच सरळ नळीत घालून रेषेत आणावेत, त्याच अवस्थेत मोटारीची बैठक चिकटवावी आणि मग नळीच्या जागी कपलिंग घालावे.

येथे माझीही एक फजिती सांगतो. माझ्या पहिल्या बोटीत नळीचे आतले तोंड पाण्याच्या रेषेच्या दोन बोटे खाली राहिले होते. घरच्या हौदात पाच मिनिटे ती उत्तम राहिली. कळंबा तलावात ग्रीस जरासे सुटल्यावर नळीतून झिरपलेले पाणी भरत गेले आणि अर्ध्या तासाने बोट मागच्या अंगाने शांतपणे खाली गेली. आतले तोंड शक्य तितके वर काढावे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी ग्रीस भरता येईल अशी बारीक नळी मधोमध जोडून ठेवावी.

वजनाच्या मुभेत यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी छान बसते. तिचे वजन दोन किलोंच्या थोडे वर असते आणि ती आडवी करून तळाशी ठेवली, की तीच आपली भरताड, म्हणजे बोट स्थिर ठेवणारे तळाचे वजन, होते. तळ सव्वा किलो, मोटर-दांडा मिळून चारशे ग्रॅम, वरचे सगळे मिळून अर्धा किलो धरले, तरी सुमारे किलोभर वजन तळाशी घालायला शिल्लक राहते. त्यासाठी शिसे वितळवत बसू नये, त्याची वाफ विषारी असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंगसाठी वापरतात ते पोलादी छर्रे लहान पिशव्यांत भरून वापरावेत. ते इकडून तिकडे सरकवता येतात, हा त्यांचा मोठा गुण. बोट पाण्याच्या रेषेवर सरळ बसली, की मगच त्या पिशव्या पक्क्या कराव्यात.

ही चाचणी रंकाळ्यात करू नये. ओळखीत कोणाचे गुऱ्हाळ असेल, तर हंगाम नसताना त्यांची काहील धुऊन त्यात पाणी भरून घ्यावे. याहून चांगले चाचणीचे तळे मला ठाऊक नाही. बोट एका बाजूला दाबून सोडावी आणि दहा हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजावे. १:२० प्रमाणात काळ २० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे साडेचारने, आखडतो. खरा ट्रॉलर एका हेलकाव्याला साडेचार सेकंद घेत असेल, तर आपल्या बोटीने एक सेकंद घ्यावा. ती झटके देत फारच लवकर उभी राहिली, तर थोडे वजन वर घेण्यास हरकत नाही. पण ती आळसावून, विचार करीत परत आली, तर वजन वर आहे, आणि अशी बोट तलावात नेऊ नये. वेगाचा हिशेबही त्याच वर्गमुळाने होतो : ८ नॉटने जाणारी नौका प्रतिकृतीत सेकंदाला सुमारे ९० सेंमी, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जावी. त्याहून जोरात पळवली, की खेळणे वाटते.

रेडिओबद्दल थोडक्यात. पुढे-मागे दोन्हीकडे चालणारा, ब्रश मोटारीचा स्पीड कंट्रोलर घ्यावा आणि त्याच्या व बॅटरीच्या मध्ये फ्यूज न विसरता घालावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून आणि धातूतून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची तार पाण्याच्या रेषेच्या वर, उभी असावी. पितळेच्या मनोऱ्यात ती दडवली असती, तर विक्रांत उलटली नसती तरी तलावाच्या मध्यावर आपले ऐकेनाशी झाली असती. संपर्क तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी सोय रिसीव्हरमध्ये लावून घ्यावी आणि घरीच ट्रान्समीटर बंद करून तपासावी.

फ्यूजचा आग्रह धरतो तो केंदाळामुळे, म्हणजे जलपर्णीमुळे. त्याच्या मुळांचा एक झुबका पंख्यात अडकला, की मोटर जागच्या जागी अडते, प्रवाह वाढतो आणि फ्यूज नसेल तर कंट्रोलर जळतो. म्हणून काठ स्वच्छ असेल तेथूनच बोट सोडावी, आधी महापालिकेची परवानगी घ्यावी, आणि सकाळी लवकर जावे, कारण तेव्हा वारा आणि बघे दोन्ही कमी असतात. बोट मध्येच बंद पडली तर पोहत जाऊ नये. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकावा आणि दोरी हळूहळू ओढून बोट काठाला आणावी. पावसाळ्यात पंचगंगेचा विचारही नको.

पैशाच्या तक्रारीला उत्तर एवढेच, की रेडिओ, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) आणि कंट्रोलर विक्रांतमधून काढून वाळवावेत. ते चालले, तर नव्या बोटीत तेच जातील आणि खर्च मुख्यतः लाकूड, रेझिन व बॅटरीचा राहील. आणि जूनमध्ये मिरकरवाड्याला जाल तेव्हा पत्नीलाही सोबत घेऊन जावे. ओळंबा स्थिर धरून टेपचे दुसरे टोक सांभाळायला विश्वासाचा माणूस लागतो, आणि दुपारच्या जेवणाला रत्नागिरीत थांबायचे आहे हे निघतानाच सांगून ठेवावे.